पुढच्या आठवड्याचा भाग

टीव्हीवर पुढच्या आठवड्याचा भाग चालू होता आणि मुलाचे मित्र सोफ्यावर पाय पसरून तो फुकट पाहत होते. मुलीकडून परतलेली आई दारातच थांबली. तिला शिसारी आली. याच मालिकेची संकलक असलेल्या तिच्या मुलीला सकाळी कामावरून काढण्यात आले होते, कारण प्रसारणाआधीच हा भाग इंटरनेटवर फुटला होता. आईनेही तिलाच फैलावर घेतले होते. असला हलगर्जीपणा या घरात आजवर कुणी केला नव्हता.

तिने टीव्ही बंद करायला लावला. मित्रांनी काढता पाय घेतला.

मुलगा समजुतीच्या सुरात सांगू लागला, की यात चोरी अशी नसते. लोक एकमेकांच्या संगणकांतून तुकडे घेतात. आपण पाहत असताना आपल्याकडचे तुकडे आपोआप इतरांकडे जातात. सगळेच सगळ्यांना देतात.

"उष्ट्या ताटात दहा जणांनी हात घातला म्हणून ते पंक्तीचं जेवण होत नाही," आई म्हणाली. "पहिला तुकडा कुणी दिला?"

मुलगा बायकोकडे पाहू लागला. सून पदराशी चाळा करू लागली. मग हळूहळू सारे बाहेर आले. आई स्वतः जुन्या काळची संकलक. तिच्या नजरेखालून गेल्याखेरीज मुलगी एकही भाग पुढे पाठवत नसे. या वेळी मुलीने तिला दिलेली प्रत लॅपटॉपच्या पडद्यावर आईला नीट दिसेना, म्हणून मुलाने ती टीव्हीला जोडलेल्या संगणकावर घेतली होती. ज्या फोल्डरमध्ये ठेवली, त्यातले सगळे जगाला खुले होते, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

"आणि कळल्यावर?"

"बोभाटा झालाच होता. म्हटलं, आता मित्रांनी पाहिला तर काय बिघडतं?"

आईने त्याच्याकडे पाहिले, जेवणात निघालेल्या झुरळाकडे पाहावे तसे. मग तिने मुलीला फोन लावला.

"तुझ्या दादाचं नाव आत्ताच्या आत्ता ऑफिसात कळव. तुझ्याच्यानं होत नसेल तर मी कळवते."



"दादाला मी प्रत दिलीच नव्हती, आई," मुलगी म्हणाली. "ते मला ठेवून घ्यायला तयार होते. प्रत कुणाला दाखवली, तेवढं एक नाव हवं होतं त्यांना."