भरली वाटी

महिनाअखेर होती. घरात भाजीची काडी नव्हती. सासूबाईंनी पातळ कढी केली आणि तीन वाट्या अर्ध्या-अर्ध्या भरल्या. "जा, तिन्ही शेजारणींना देऊन ये."

"अहो आई, आपल्यालाच पुरायची नाही!"

"शेजारची वाटी कुणी रिकामी परत करतं का? संध्याकाळी तीन भाज्या येतात की नाही बघ."

दिवेलागणीला भात टाकून आम्ही दाराकडे डोळे लावून बसलो. आधी टिपणीसकाकूंकडची वाटी आली. तिच्यात कढी. मग बाकीच्या दोघींकडच्याही आल्या. कढीच.

"आपलीच की गं ही!" सासूबाईंनी बोट चाटलं. "भवान्यांनी एकमेकींकडे फिरवली, वर पाणी घातलं."

मी हिरमुसले. सासूबाई मात्र खूश. "अगं, अर्ध्या गेलेल्या वाट्या काठोकाठ भरून आल्या!"