सफरचंदांच्या हंगामातली केमिस्ट्री

सिओमाराने आईचं अख्ख्या दोन वर्षांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि ऐटीत बाजूला झाली. आईला फार्मसीला प्रवेश हवा तर त्याआधी कॉलेजात हे सगळे विषय पार करायलाच हवेत. तव्यावरची मक्याची टॉर्टिया उलटून आईने, ऑफेलियाने, पहिल्याच रकान्यावर बोट ठेवलं.

"सप्टेंबरात केमिस्ट्री? वेडी का काय पोरी तू? ऐन सफरचंदांच्या हंगामात फळं भरायच्या शेडमध्ये कामाची डबल पाळी असते. हिवाळ्यानंतर घेते."

"तेव्हा फिजिक्स आहे. दोन्ही एकदम घेतलंस तर रडशील."

"मग उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात सगळा अभ्यास दोन महिन्यांत कोंबतात. सप्टेंबरच."

"मग पुढच्या वर्षी बघू." ऑफेलियाचा आवाज खाली आला. "अगं, प्रयोगाला जोडीदार लागतो म्हणे तिथे. ती विशीतली पोरं माझ्यासारख्या बाईला कशाला बरोबर घेतील?"

सिओमाराने दप्तरातून प्रयोगशाळेत घालायचा नवाकोरा पांढरा कोट काढला आणि अंगात चढवला.

"म्हणून तर सप्टेंबर. शेवटच्या वर्षाला आमची शाळा कॉलेजातला एक विषय घेऊ देते. मी केमिस्ट्री घेतलीय, तुझ्याच वर्गात. फक्त वर्गात मला पोरी म्हणायचं नाही."

ऑफेलिया लेकीच्या बोटांवरून खाली लोंबणाऱ्या बाह्यांकडे बघत राहिली. टॉर्टिया करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग ती पुढे झाली आणि त्या बाह्या नीट दुमडून देत म्हणाली,

"ठीक आहे. पण माझ्या वहीत बघून लिहायचं नाही."