चोरखिसा

पाठ धरली म्हणून डॉक्टरने आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. चार महिने झाले, मी अजून खातोय, बायकोपासून लपवून.

परवा एक गिऱ्हाईक नवाकोरा शर्ट परत घेऊन आलं. "मास्तर, आतून हा चोरखिसा कशाला? मी काय स्मगलर दिसतो?"

टाके माझेच होते. शिवल्याचं मात्र आठवेना. दुकानातले सगळे कपडे उलटे करून पाहिले. प्रत्येकात तोच खिसा, गोळ्यांचं पाकीट बसेल एवढाच.

तसाच घरी धावलो. लेकीसाठी शिवलेला फ्रॉक उलटा केला. तिथेही होता.

"बाबा, यात मी काय ठेवू?" तिने विचारलं.

लाज नंतर वाटली. आधी बोटं आत गेली. खिसा रिकामा होता, आणि मी हिरमुसलो.