वजनावर पास

"तुम्ही डबा उघडलाच नाहीत, साहेब. हातावर तोललात आणि माझ्या भावाला चोर ठरवून मोकळे झालात."

कॉम्प्युटरच्या खोलीतले सगळे वळले. दारात वायरमनची धाकटी बहीण उभी होती. भावाच्या भाजलेल्या हाताची पट्टी बदलायला आली होती. टेबलावर ओळीनं मांडलेले डबे बघून तिथंच थांबली होती.

खोलीला अजून जळक्या प्लास्टिकचा वास होता. दोन दिवसांपूर्वी शाळेचा तास चालू असताना छताजवळची वायर पेटली. मुली बाहेर पडल्या. मेन स्विच खाली ओढताना वायरमनचा तळवा भाजला. आणि आज वीज तपासणीचे साहेब अहवाल लिहीत होते, की वायरमननं पैसे वाचवायला वायर बारीक टाकली, परवाना रद्द करावा.

"छकू, तू घरी जा," वायरमन म्हणाला.

"जाते. यांना विचारून जाते."

साहेब चिडले नाहीत. त्यांचं काय अडलं होतं चिडायला? कॉम्प्युटरमधून काढलेला पॉवर सप्लायचा एक पत्र्याचा डबा त्यांनी पुन्हा उचलला.

"ऐका बाई. हे डबे वीज सरळ ओढत नाहीत, हिसके मारतात. तीन फेजचे हिसके परतीच्या वायरीत, न्यूट्रलमध्ये येतात, आणि एकमेकांना खोडायचं सोडून एकमेकांच्या डोक्यावर बसतात. वायर तापते. ते आवरायला आत कॉइल बसवायची, लोखंडावर तांब्याची गुंडाळी, असा नियम आहे. कॉइल असली की डबा जड लागतो. हा जड आहे. म्हणजे डब्यात खोट नाही. मग उरलं कोण?"

शाळेच्या मोठ्या बाईंनी वायरमनकडे पाहिलं. स्वस्तातले म्हणून हे डबे त्यांनीच पसंत केले होते.

"सगळे असेच तपासता?" बहिणीनं विचारलं.

"कारखान्यानं पाठवलेला नमुन्याचा डबा यंत्रावर लावतो. तो पास झाला की शिक्का. पुढचे हजारो डबे कोण उघडत बसणार? हाताला कळतं वजन."

"हे कारखान्यालाही ठाऊक आहे."

तिनं भावाच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. साहेबांच्या हातातला डबा घेतला आणि त्यावरचं कागदी सील फाडलं.

"अहो, अहो! गॅरंटी जाईल," मोठ्या बाई ओरडल्या.

"खोली गेली, बाई," वायरमन म्हणाला. "गॅरंटी कसली घेऊन बसलात?"

झाकण निघालं. आत कोपऱ्यात काड्यापेटीहून जरा मोठी लोखंडी पेटी, तिच्यात शिरलेल्या दोन वायरी. कुणीही कॉइलच म्हणेल. तिनं वायरी ओढल्या. दोन्ही अलगद बाहेर आल्या. त्यांची टोकं कशालाच जोडलेली नव्हती. मग तिनं ती पेटी टेबलाच्या कडेवर आपटली. अहवालावर करडा चुरा सांडला.

"सिमेंट," ती म्हणाली.

साहेबांनी चुरा बोटांत चोळला. पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्या कारखान्यात मीच भरते. ओलं असताना दोन वायरी खोचायच्या, झाली कॉइल."

तिनं हात पुढे केले. बोटांची टोकं पांढरी पडून फाटली होती. घरी ती भांड्यांच्या साबणावर नाव घालत आली होती. त्या बोटांसाठी दादानंच आणून दिलेली मलमाची ट्यूब आज ती त्याच्यासाठी घेऊन आली होती.

"लेखी द्याल?" साहेबांनी विचारलं.

"देते. उद्यापासून काम नाही, एवढंच ना?" ती भावाकडे वळली. "दादा, तुझा परवाना आता जात नाही."

वायरमन तिच्या बोटांकडे बघत होता.

"तुला ठाऊक होतं."

"इथं बसतील हे नव्हतं ठाऊक, दादा. शपथ. सुपरवायझर म्हणायचा, सगळा माल बाहेरगावी जातो."

वायरमननं चांगल्या हातानं सिमेंटचा एक खडा उचलला. साहेबांनी डबा तोलला होता तसा तळहातावर तोलला.

"बाहेरगावी वायरमन नसतात? तिथल्या शाळेत पोरी बसत नाहीत?"

ती टेबलावरचा चुरा हातानं गोळा करू लागली. साहेबांनी अहवाल झटकायला घेतला. वायरमननं तो खडा मधोमध त्या कागदावर ठेवला.

"बोला की. दोघंही."