सातवी नळी

सहावी नळी आईची होती, त्यामुळे लेकीला तिची काळजी नव्हती. जीव टांगणीला लागला होता तो सातवीपायी. सातवी बाबांची होती.

पॅरासिटामॉलची गोळी घेतल्यावर रक्तात औषध किती उतरतं, हे मोजायची नवी पद्धत लेकीने प्रयोगशाळेत बसवली होती. पण ती खरी ठरायला आधी कोरं रक्त लागतं. गोळीचा मागमूस नसलेलं, सहा वेगवेगळ्या माणसांचं. सहाही वेळा यंत्राने सपाट रेघ काढली, तरच पद्धत पास. उद्या तपासणीस येणार होते. पास झाली तर नोकरी कायम, नाही तर पुन्हा काचेची भांडी धुण्यापासून सुरुवात.

पाच सहकाऱ्यांनी हात पुढे केले. सहावी म्हणून तिने आईला गाठलं. आई गोळीच्या नावानेच नाक मुरडायची. गेल्या थंडीत तिचा उजवा खांदा धरला होता, हात डोक्याच्या वर जाईना, तरी ऐकली नाही. "शरीराला नसत्या सवयी लावू नयेत," म्हणाली. आणि पुढे खांदा आपोआप मोकळा झाला.

"आणि माझं रक्त काय पाणी आहे का?" बाबांनी विचारलं. "मीही येणार."

इथेच तर घोटाळा होता. गेल्याच थंडीत धरलेला आपला गुडघा आईच्या काढ्याने बरा झाला, असं बाबा गल्लीभर सांगत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना त्यांनी बोट लावलं नव्हतं. बोट लावलं होतं आईने. दोघं सकाळी एकेक कप काढा घेत. त्यातल्या बाबांच्या कपात ती एक गोळी कुटून ढवळायची. काढा मुळातच इतका कडू, की त्यात काय घातलंय ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. हे गुपित आईला ठाऊक होतं आणि लेकीला.

"डॉक्टरांना विचारून घालतेस ना?" लेकीने एकदा विचारलं होतं.

"त्यांनीच प्रमाण सांगितलंय. पण त्यांचंही वय झालं हो आता. गुडघा ह्यांचा, आणि मला विचारतात, वहिनी, तुमचं पोट बरं असतं ना?"

लिफ्ट बंद होती. बाबा तीन मजले तरातरा चढून आले, आणि खुर्चीत बसल्यावर आठवण झाल्यासारखा डावा गुडघा चोळू लागले.

"उजवा ना, बाबा?"

"दुखणं काय एका जागी बसतं? काट्यासारखं फिरतं."

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोटं अजून इतकी हलकी, की रक्त काढणाऱ्या भाऊंच्या मनगटावरचं घड्याळ त्यांनी गप्पांच्या नादात कधी उतरवलं, हे भाऊंना ते परत मिळाल्यावर कळलं. सगळे हसले.

"मॅडम, जन्मात एक गोळी खाल्ली नाही," बाबांनी विभागप्रमुखांना ठणकावून सांगितलं.

"मग तुमची नळी राखीव ठेवू. सातवी."

लेकीने नळीवर बाबांच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. दुपारी सगळ्यांदेखत बाबांच्या रक्तातून औषध निघणार, आणि एवढा ताठ माणूस खोटा पडणार.

दुपारी नळ्या ओळीने यंत्रात गेल्या. पाच रेघा सपाट आल्या. सहावी सुरू झाली आणि चौथ्या मिनिटाला, अगदी पॅरासिटामॉलच्या जागी, पडद्यावर सुळका उभा राहिला.

सातवी सपाट.

"चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल तर सगळंच बाद," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आधी रक्तगट बघ."

आईचा बी, बाबांचा ओ. नळ्यांच्या तळाशी उरलेल्या तांबड्या पेशी लेकीने तपासल्या. सहावी आईचीच होती. सातवी बाबांचीच.

"मग अडलंय कुठे? सहावी बाद, कारण लिही. तिच्या जागी सातवी धर." मॅडम हसल्या. "शब्दाचे पक्के आहेत हं तुझे बाबा."

दुसऱ्या दिवशी तपासणीसांनी सहा सपाट रेघा पाहिल्या, बाद नळीची नोंद वाचली आणि सही केली. नोकरी कायम झाली. लेकीच्या डोक्यातला सुळका मात्र जाईना.

"आई, खरं सांग," तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघरात हळूच विचारलं. "चोरून गोळ्या घेतेस का?"

"मी? जीभ झडेल माझी." आईने दोन सारखे कप टेबलावर ठेवले. बाबांचा बाबांपुढे, स्वतःचा स्वतःच्या खुर्चीपुढे.

"अगं, माझा चष्मा बघ ना," बाबा म्हणाले.

आई पलीकडच्या खोलीत गेली. लेक बघत होती म्हणून तिला दिसलं, नाही तर दिसलंही नसतं. पापणी लवते न लवते तोच दोन्ही कपांनी जागा बदलल्या. थेंब सांडला नाही.

"बाबा! कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. डॉक्टरांना विचारूनच हो."

"मग गोळीशिवाय तुमचा गुडघा बरा कसा झाला?"

दारातून आई दिसत होती. उजवा हात पार वर नेऊन ती सगळ्यात उंच फळीवरचा चष्मा काढत होती. तो तिथे कुणी ठेवला, असं स्वतःशीच पुटपुटत होती. बाबा तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

"हळू बोल," ते म्हणाले. "माझा गुडघा आजवर एकदाही दुखलेला नाही."