वीसच्या आत

लेकीच्या, चार वर्षांच्या जाईच्या रक्तात शिसे निघाले, तेव्हा सिंगापूरच्या बेडोक भागातल्या दवाखान्यातल्या डॉ. हिरा वानखेडे यांचा चेहरा एवढा का उतरला, हेच स्मिताला उमजेना.

"अहो, नऊ मायक्रोग्रॅमच तर आहे," ती म्हणाली. "वीसच्या आत असलं की काळजी नसते."

"स्मिताताई, लहान मुलांना चालेल एवढं शिसं असं काही नसतंच. घरातली खेळणी, हळद, सगळं आजच तपासायला द्या. आणि हे वीसचं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं तुम्हाला?"

स्मिता गोंधळली. आकडा तोंडपाठ होता, डॉक्टर मात्र काही केल्या आठवेना. झांबियातल्या शिशाच्या एका खाणीची सिंगापूरमधली जनसंपर्क अधिकारी या नात्याने, गेली तीन वर्षे खाणीशेजारच्या आयांना व्हिडिओ कॉलवर हा आकडा तीच तर समजावून सांगत आली होती. त्यांतल्या एकीने, मुलीला मांडीवर घेऊन, हा आकडा सांगणाऱ्या डॉक्टरचे नावही विचारले होते.

स्मिताने तिची शंका 'गैरसमज' या सदरात नोंदवली होती आणि मोठ्या अदबीने कॉल संपवला होता.