फरशीवरचं लोटस

सांगून कुणाला पटणार नाही, पण सत्त्याऐंशी साली मी कॉम्प्युटरला बोटही न लावता लोटसची स्प्रेडशीट, म्हणजे कॉम्प्युटरवर रकान्यांत हिशेब करायचा प्रोग्रॅम, शिकलो. आमच्या मुलुंडच्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच, तोही साहेबांच्या कुलपात. म्हणून फोर्टच्या फुटपाथवरून पुस्तक आणलं, घरच्या फरशीवर खडूने रकाने आखले आणि आठ महिने बायकोला फरशी पुसू दिली नाही. चाचणीत पहिला येणाऱ्या क्लार्कला असिस्टंटची जागा मिळणार होती.

चाचणीला माझा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला. साहेब खुर्चीतून उठले, म्हणाले, "बळवंतराव, हे तर आम्हालाही जमत नाही." आणि जागा गेली कुणाला? जयवंतला, ज्याला धड टायपिंग येत नव्हतं. वशिला, दुसरं काय! इतकी वर्षं झाली, अजून आठवलं की डोकं फिरतं.

एवढं लिहून हिला वाचून दाखवलं.



"अहो, कॉम्प्युटरच्या खोलीत बूट काढून जावं लागायचं, आणि चाचणीच्या दिवशी मोज्याचं भोक दिसेल म्हणून तुम्ही दारातूनच घरी परत आला होतात."